चाल एकाची, रसद दुसऱ्याची

उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन पराभवाची जी गोष्ट महायुद्धानंतर जगभर पसरली, तिच्यातला खलनायक आधीच ठरलेला होता. वाळवंटात लढणारा जर्मन सेनापती रोमेल अजिंक्य होता. पण रोमला बसलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचवता आले नाही, पाठवलेली जहाजे वाटेत बुडाली आणि त्यांचे आरमार बंदरात नांगर टाकून बसले, अशी ती गोष्ट. रोमेलने स्वतःच आपल्या टिपणांत ती मांडली. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली ही टिपणे इंग्रजीत छापून आली आणि ब्रिटिश वाचकांनी ती आनंदाने स्वीकारली. ज्याने आपल्याला दोन वर्षे पळवले तो अलौकिक सेनापती असणे त्यांच्याही अब्रूच्या दृष्टीने बरेच होते. उरलेले सारे खापर इटालियनांच्या डोक्यावर फुटले. मात्र बंदरांवरचे आकडे या गोष्टीशी जुळत नाहीत. जून १९४० ते जानेवारी १९४३ या काळात इटलीहून लिबियाकडे सुमारे २२ लाख ४५ हजार टन माल निघाला. त्यातला सुमारे १९ लाख ३० हजार टन, म्हणजे शेकडा ८६, किनाऱ्याला लागला. २ लाख ६ हजार माणसे निघाली, त्यांतली १ लाख ८९ हजार पोचली. भूमध्य समुद्राच्या मधोमध माल्टा शत्रूच्या हाती असताना केलेली ही वाहतूक आहे. ती करणाऱ्या आरमाराला आणि व्यापारी खलाशांना नामर्द ठरवणे अवघड आहे. मग इजिप्तमधल्या अल अलामेनच्या खंदकांत रणगाडे तेलावाचून उभे का राहिले? माल समुद्रात अडला त्यापेक्षा जास्त तो जमिनीवर अडला; आणि जमिनीवर अडण्याचे कारण असे की, पुढे किती जायचे हे ठरवणारा माणूस एक होता, तिथवर माल नेण्याची जबाबदारी दुसऱ्यावर होती, आणि या दोघांचा हिशेब ज्या एका टेबलावर मांडला जावा असे टेबलच या युतीत कुठे नव्हते.

आधी भूगोल. लिबियातले खरे मोठे बंदर एकच, त्रिपोली. तिथे एका वेळी चार-पाच मालवाहू जहाजेच धक्क्याला लागत. पूर्वेला हजार किलोमीटरवर बेनगाझी, आणि तिथून पुढे साडेचारशेवर तोब्रुक. कागदोपत्री बेनगाझीत दिवसाला २,७०० टन माल उतरू शकत होता. प्रत्यक्षात ब्रिटिश विमानांच्या माऱ्याखाली सातशे-आठशे टन उतरला तरी पुष्कळ. तोब्रुकची कागदावरची क्षमता १,५०० टन, हातात पडत ते सहाशेच्या आसपास. बंदरांना जोडणारी रेल्वे नव्हती. त्रिपोली आणि बेनगाझीच्या आसपास थोडेफार लोहमार्ग होते, पण ते शेतमालासाठी टाकलेले तुकडे होते. होता तो एकच डांबरी रस्ता, ट्युनिशियाच्या सरहद्दीपासून इजिप्तच्या सरहद्दीपर्यंत अठराशे किलोमीटरहून लांब. गव्हर्नर इतालो बाल्बोच्या कारकिर्दीत, १९३७ मध्ये, तो पुरा झाला आणि पुढे त्याचेच नाव त्याला पडले. जर्मन मोटारबद्ध डिव्हिजनला पाण्यासकट दिवसाला सुमारे साडेतीनशे टन रसद लागे. दोन टनी ट्रकांनी ती शेकडो किलोमीटर न्यायची म्हणजे एकेका डिव्हिजनमागे हजाराच्या वर ट्रक हवेत, आणि ट्रक काही हवेवर चालत नाहीत. मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड या इस्रायली इतिहासकाराने १९७७ साली लष्करी रसदीवरच्या आपल्या पुस्तकात हा हिशेब मांडला. आफ्रिकेत उतरलेल्या इंधनापैकी तीस ते पन्नास टक्के इंधन बंदरापासून आघाडीपर्यंतच्या वाहतुकीतच जळून जात असे. शिवाय वाळूने इंजिने खाल्लेली; ट्रकांचा तिसरा हिस्सा कायम दुरुस्तीला. हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मन जनरल फोन थोमा पाहणीसाठी लिबियात गेला होता. इथे फार तर चार चिलखती डिव्हिजन पोसता येतील आणि लढाई जिंकायलाही तेवढ्याच लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे अंथरुणाची लांबी आधीच मोजून झाली होती.

इटलीने युद्धात उडी घेतली तीच पिछाडीचा विचार न करता. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने युद्ध पुकारले तेव्हा इटलीची दोनशेहून जास्त व्यापारी जहाजे भूमध्य समुद्राबाहेर होती. त्यांना आधी सूचनाच गेली नाही. सुमारे १२ लाख टनांचा, एकूण व्यापारी ताफ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जहाजसाठा पहिल्याच दिवशी हातचा गेला. अठरा दिवसांनी तोब्रुकवर स्वतःच्याच विमानविरोधी तोफांनी बाल्बोचे विमान पाडले. तो मेला आणि त्याच्या जागी मार्शल ग्रात्सियानी आला. रोमहून इजिप्तवर चालून जाण्याचे हुकूम सुटत होते, आणि ग्रात्सियानी ट्रक नाहीत, पाणी नाही अशी उत्तरे पाठवत होता. शेवटी सप्टेंबरात तो निघाला, सरहद्दीपलीकडे शंभरेक किलोमीटरवरच्या सिदी बर्रानीला पोचला आणि थांबला. पुढच्या मजलेसाठी रस्ता आणि पाण्याची नळवाट बांधायला त्याने घेतली. ग्रात्सियानीची नंतर फार टिंगल झाली, आणि त्याच्या छावण्यांची मांडणी खरोखरच टिंगलीच्या लायकीची होती. एकमेकींना मदत करता येणार नाही इतक्या अंतरावर त्या पसरलेल्या होत्या. ९ डिसेंबरच्या पहाटे चौथी भारतीय डिव्हिजन आणि ब्रिटिश रणगाडे निबेवा छावणीवर मागच्या बाजूने तुटून पडले तेव्हा जनरल मालेत्ती तिथेच मारला गेला. दोन महिन्यांत दहावी इटालियन फौज संपली आणि सुमारे १ लाख ३० हजार कैदी ब्रिटिशांच्या हाती लागले. (त्यांतले हजारो पुढे योल, देहरादून, भोपाळ, बंगळूर इथल्या छावण्यांत युद्ध संपेपर्यंत राहिले.) पण टिंगल करताना एक गोष्ट सुटते. पाणी आणि रस्ता यांवाचून पुढे जायचे नाही हा ग्रात्सियानीचा निर्णय चुकीचा नव्हता. त्याच्यावर चालून आलेल्या ब्रिटिश जनरल ओ'कॉनरनेही आधी हेच केले होते. फक्त ते गुपचूप, वाळवंटात पुढे नेऊन ठेवलेल्या साठ्यांच्या रूपाने. दोघांनाही गणित कळत होते. एकाला ते सोडवायला साधने आणि मोकळीक मिळाली, दुसऱ्याला रोमच्या तारा मिळाल्या.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी रोमेल त्रिपोलीला उतरला आणि युतीच्या कारभाराचा तो विचित्र सांगाडा उभा राहिला. रोमेल लढाईपुरता आफ्रिकेतल्या इटालियन सरसेनापतीच्या हाताखाली. आधी गारिबोल्दी, जुलैपासून बास्तिको. पण तो बर्लिनच्या लष्करी मुख्यालयालाही जबाबदार, आणि वाटलेच तर थेट हिटलरकडे दाद मागायची त्याला मुभा. रोमला इटालियन सर्वोच्च सेनाकार्यालय, ज्याचा प्रमुख डिसेंबर १९४० पासून उगो काव्हालेरो. त्याच्याकडे जर्मनांच्या वतीने जनरल एन्नो फोन रिन्टेलन, तोच वकिलातीचा लष्करी प्रतिनिधीही. इटालियन आरमाराकडे ॲडमिरल वाइखोल्ड. वर्षअखेरीस त्यात केसेलरिंगची भर पडली. हुद्द्याने तो दक्षिण आघाडीचा सरसेनापती, पण प्रत्यक्षात त्याचा हुकूम विमानांपुरता. जहाजे इटालियन, त्यांच्या संरक्षणाची बरीच विमाने जर्मन, जहाजांना लागणारे तेल जर्मनांच्या मेहेरबानीने रुमानियाहून येणारे, बंदरे इटालियन, आघाडीवरची मागणी जर्मन. एक ना धड भाराभर चिंध्या. या साऱ्यांत दुवा साधायला संपर्क अधिकारी होते आणि त्यांतले बरेचसे कर्तबगार होते. रिन्टेलनला इटली चांगली ठाऊक होती. पुढे रोमेलच्या मुख्यालयात नेमलेला जनरल मान्चिनेल्लीही आपले काम नीट जाणणारा माणूस होता. पण संपर्क अधिकारी निरोप नेतो, तक्रार पोचवतो, फार तर ती जरा सौम्य करून सांगतो. नाही म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो. मुळात या सांगाड्यात तो अधिकार कोणाकडेच राहिलेला नव्हता, हे दोन महिन्यांतच दिसले. बचाव करा, थांबा, असे हुकूम रोमेलला बर्लिन आणि रोम दोन्हीकडून होते. २४ मार्चला त्याने अल अघैला घेतले आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो पूर्व लिबियातल्या सिरेनेकात घुसला. रसद नाही म्हणून थांबा, हे सांगायला ३ एप्रिलला गारिबोल्दी स्वतः आला. दोघांची जोरदार वादावादी चालू असतानाच बर्लिनची तार आली. तारेचा सूर सावधगिरीचा होता, पण रोमेलने गारिबोल्दीला सांगितले की आपल्याला पूर्ण मोकळीक मिळाली आहे. वरिष्ठ गप्प बसला. काही दिवसांत जर्मन फौज तोब्रुकच्या वेढ्याशी पोचली, आणि त्रिपोलीच्या धक्क्यापासून तिचे अंतर दीड हजार किलोमीटर झाले. काय चालले आहे ते पाहायला बर्लिनने जनरल पाउलुसला पाठवले. पुढे स्तालिनग्राडला अडकला तोच हा पाउलुस. पण त्याने हिशेब मांडला तोवर मजल मारून झाली होती. वरातीमागून घोडे यायची ती सुरुवात.

दुभंगलेल्या अधिकाराची किंमत नोव्हेंबर १९४१ मध्ये उघडपणे मोजावी लागली. १८ तारखेला ब्रिटिशांनी तोब्रुकचा वेढा उठवण्यासाठी मोठी चढाई केली. दुसऱ्या दिवशी बीर अल गुबी इथे आरियेते या इटालियन चिलखती डिव्हिजनने ब्रिटिशांची एक चिलखती ब्रिगेड अडवून तिला चांगलाच मार दिला. मध्यम रणगाड्यांनी आणि ट्रकांवर चढवलेल्या तोफांनी मिळवलेले हे यश इटालियनांच्या खाती क्वचितच जमा होते. पण आरियेते ज्या कोअरमध्ये होती ती जनरल गाम्बाराची कोअर रोमेलच्या नव्हे, थेट बास्तिकोच्या हुकमात होती. लढाईचे पहिले पाच दिवस रणगाड्यांच्या दोन ताफ्यांना दोन वेगळ्या ठिकाणांहून हुकूम जात होते. २३ नोव्हेंबरला मुसोलिनीच्या संमतीने ती कोअर रोमेलच्या हाताखाली आली. इकडे जर्मन छावणीत ‘गाम्बारा राहिला कुठे?’ हा प्रश्न चेष्टेचा विषय झाला. चेष्टेला थोडे कारण होतेही, इटालियन तुकड्या हळू हलत. पण नेमका दुसऱ्याच दिवशी रोमेल सारे सोडून सरहद्दीच्या तारेच्या कुंपणाकडे धावला आणि मग तो स्वतः कुठे राहिला हे त्याच्याच मुख्यालयाला कळेना. कार्यवाहीचा प्रमुख वेस्टफाल याने शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर एक चिलखती डिव्हिजन मागे बोलावली. ज्या सेनापतीचा पत्ता त्याच्या खास माणसांना नसतो, त्याच्याशी परक्या फौजेचा संपर्क अधिकारी संपर्क तो काय ठेवणार?

त्याच महिन्यात समुद्रावरही अनर्थ झाला, आणि इटालियन नालायकीची गोष्ट सांगणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. ८-९ नोव्हेंबरच्या रात्री माल्टाहून निघालेल्या दोन ब्रिटिश क्रूझर आणि दोन विनाशिकांनी सात व्यापारी जहाजांचा अख्खा काफिला बुडवला. काफिल्याच्या रक्षणाला दोन जड इटालियन क्रूझर होत्या. पण त्यांच्यावर रडार नव्हते आणि रात्रीच्या लढाईची तालीमही नव्हती. त्या महिन्यात निघालेल्या मालापैकी चाळीस टक्केही पोचला नाही. मग हातघाईवर आलेल्या आरमाराने वेगवान लढाऊ जहाजांवरच पेट्रोल लादायला सुरुवात केली. ‘दा बार्बियानो’ आणि ‘दी जुस्सानो’ या दोन हलक्या क्रूझर १२ डिसेंबरला पालेर्मोहून निघाल्या. उघड्या डेकवर, तोफांच्या शेजारी, विमानांच्या पेट्रोलची पिंपे रचलेली. आगीच्या भीतीने मागच्या तोफा डागायचीही चोरी. मध्यरात्रीनंतर केप बॉनच्या किनाऱ्याला लगटून येणाऱ्या चार शत्रू विनाशिकांनी, तीन ब्रिटिश आणि एक डच, त्यांना गाठले. लढाई काही मिनिटेच चालली. पाणतीर लागले, पिंपे पेटली, तेलाचा जाळ पाण्यावर पसरला. आठशेहून अधिक खलाशी गेले. दोन्ही जहाजांवर मिळून जे पेट्रोल होते ते जेमतेम शंभर टनांच्या घरातले. एका जर्मन डिव्हिजनच्या एका दिवसाच्या रसदीचा तो तिसरा हिस्सा. पण याच आरमाराने पुढच्या तीन आठवड्यांत काय केले तेही त्याच पानावर लिहायला हवे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बॅटलशिपांच्या पहाऱ्यात पुढचा काफिला पोचता झाला. १९ डिसेंबरच्या पहाटे माल्टाचा ताफा त्रिपोलीजवळच्या सुरुंगांत सापडून मोडला. त्याच रात्री इटालियन पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्याखालून गेलेल्या माणसांनी, अलेक्झांड्रियाच्या बंदरात दोन ब्रिटिश बॅटलशिपा निकामी केल्या. ५ जानेवारीला त्रिपोलीच्या धक्क्यावर पन्नासावर जर्मन रणगाडे उतरले. रोमेलने २१ जानेवारीला जी प्रसिद्ध उलटी मुसंडी मारली ती या रणगाड्यांवर. ती मारणार असल्याचे त्याने आपल्या इटालियन वरिष्ठांना सांगितलेच नव्हते, बातमी फुटेल म्हणून. दोन दिवसांनी काव्हालेरो धावत त्याच्या मुख्यालयात आला, थांब म्हणाला, आणि रोमेल थांबत नाही हे पाहून इटालियन कोअर मागेच रोखून परत गेला.

इथे विरोधी बाजूची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जानेवारीत रोमेलचे बरोबर होते आणि काव्हालेरोचे चूक. ब्रिटिश विस्कळीत झालेले होते, आणि आठवड्याभरात बेनगाझी हाती आले. रोमच्या हिशेबांत नुसता हिशेब नसे. भीती असे, आणि त्रिपोलितानिया ही वसाहत कशीबशी राखण्याचे राजकारणही असे. उंटावरून शेळ्या हाकण्याचा सोस काव्हालेरोला होताच. सगळे इटालियनांवर सोपवले असते तर ते त्रिपोलीच्या वेशीवर बसून राहिले असते, हा आक्षेप म्हणून अगदीच खोटा नाही. पण दोघांपैकी शहाणा कोण होता याने प्रश्न सुटत नाही. एकाचे धाडस आणि दुसऱ्याची खतावणी, दोन्ही आपापल्या जागी खऱ्या होत्या. त्या समोरासमोर ठेवून तोलण्याची रीत नसल्यामुळे दर वेळी जो आधी हलला तो जिंकला, आणि नेहमी रोमेलच आधी हलत असे. लढाई जिंकली की हिशेबनीस खोटा पडे, आणि पुढच्या वेळी त्याचे कोणी ऐकत नसे.

१९४२ चा उन्हाळा हे याचे ठळक उदाहरण. त्या वसंतात जर्मन विमानांनी माल्टाला भाजून काढले होते आणि एकट्या एप्रिलमध्ये सुमारे दीड लाख टन माल लिबियात उतरला होता. बुडाला तो नगण्य. त्याच बळावर मेअखेरीस गझालाची लढाई सुरू झाली. आधी ठरलेली योजना शहाणपणाची होती: तोब्रुक घ्यायचे, इजिप्तच्या सरहद्दीवर थांबायचे, विमाने परत माल्टाकडे वळवायची आणि बेटावर फौज उतरवायची. २० जूनच्या सकाळी तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर बॉम्बफेकी विमाने आणि तोफा यांचा एकवटून मारा झाला. तिथला मोर्चा अकराव्या भारतीय ब्रिगेडमधल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनकडे होता. रणगाड्यांना अडवायचा खंदक ठिकठिकाणी बुजलेला, हाताशी तोफा अपुऱ्या, मदतीला येणारा प्रतिहल्ला उशिरा आणि तोकडा. त्या भगदाडातून जर्मन रणगाडे आत शिरले, इटालियन कोअर शेजारी होतीच, आणि दुसऱ्या दिवशी तीसएक हजारांची फौज शरण आली. आपल्याकडे या लढाईची आठवण कैदेत गेलेल्या पलटणीच्या हालअपेष्टांपुरती उरली आहे; पण आफ्रिकेतल्या सगळ्या पुढच्या घडामोडींचा उगम त्या भगदाडात आहे. रोमेलच्या हाती सुमारे दोन हजार वाहने, पाच हजार टन शिधा आणि हजारावर टन पेट्रोल लागले. शिवाय एक बंदर. या लुटीने त्याला वाटले की आता रसदीचा प्रश्न शत्रूच सोडवतो आहे. दुसऱ्याच दिवशी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केले. मग योजना बाजूला पडली. माल्टा नंतर, आधी कैरो. हिटलरने मुसोलिनीला पत्र लिहून संधी साधण्याचा आग्रह धरला. केसेलरिंगने विमानतळ दूर पडतील म्हणून विरोध केला. आणि काव्हालेरो, ज्याच्या कचेरीत जहाजांचे आणि टनांचे सारे आकडे होते, तो जूनच्या अखेरीस रोमेलला भेटायला सिदी बर्रानीला आला आणि वाहवत गेला. २९ जूनला मुसोलिनी स्वतः विमानाने लिबियात येऊन कैरोच्या मिरवणुकीची वाट पाहत बसला. तीन आठवडे वाट पाहून परतला. रोमेल फील्ड मार्शल झाला तेव्हा त्याचा वरिष्ठ जनरल कसा राहील, म्हणून १ जुलैला काव्हालेरोला आणि ऑगस्टात बास्तिकोला मार्शल करण्यात आले. बढत्यांची रसद मात्र वेळच्या वेळी पोचली.

अल अलामेन त्रिपोलीपासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर. तोब्रुकपासून पाचशेहून जास्त. ब्रिटिशांच्या पाठीशी अलेक्झांड्रिया शंभर किलोमीटरवर आणि आघाडीपर्यंत रेल्वे. आता माल कुठे उतरवायचा यावर रोम आणि रोमेल यांची रोज जुंपू लागली. तोब्रुकला उतरवा, हे रोमेलचे म्हणणे; रस्त्याने येणारे इंधन रस्त्यातच जळते हे त्याला दिसत होते. तोब्रुक लहान आहे आणि इजिप्तमधल्या विमानांच्या टप्प्यात आहे, हे आरमाराचे म्हणणे. दोन्ही खरी, आणि दोन्हींतून एकच निघत होते: फौज जिथे उभी होती तिथे तिला पोसता येत नव्हते. पिस्तोया ही इटालियन डिव्हिजन पिछाडीला उतरवून तिला वाहने दिली म्हणून रोमेल चिडला. जर्मन मालाला जहाजांत वाटा कमी मिळतो म्हणून रिन्टेलनला तक्रारीवर तक्रार. ऑगस्टमध्ये एक नवी व्यवस्था निघाली. रोमेलची फौज थेट रोमच्या सर्वोच्च कार्यालयाखाली, बास्तिको मागे लिबियापुरता, आणि पुरवठ्याचा दुवा म्हणून जनरल बार्बासेत्ती याची प्रतिनिधी-कचेरी. कागदावर साखळी लहान झाली. प्रत्यक्षात पुढे जायचे की मागे हटायचे या प्रश्नावर त्या कचेरीलाही बोलायचा हक्क नव्हता. माल किती आला आणि किती आला नाही, एवढेच तिने कळवायचे.

सगळ्यात वजनदार आक्षेप इथे येतो. ब्रिटिश इटालियन आरमाराचे आणि जर्मन हवाईदलाचे गुप्त संदेश वाचत होते. काफिला कधी निघणार, कुठे लागणार, कोणत्या जहाजात तेल आहे, हे त्यांना आधीच कळे. ३० ऑगस्टला रोमेल अलामेनजवळच्या अलम हाल्फावर चालून गेला त्याच सुमारास ‘सान आंद्रेआ’ आणि ‘पिच्ची फास्सियो’ ही तेलवाहू जहाजे बुडाली. २३ ऑक्टोबरला अलामेनची मोठी लढाई सुरू झाली आणि २६ तारखेला ‘प्रोझेर्पिना’ तोब्रुकच्या तोंडाशी जळाले. ऑक्टोबरात निघालेल्या मालापैकी कसाबसा निम्माच पोचला. मग समुद्रच निर्णायक ठरला की नाही? लढाईच्या त्या दिवसांपुरता, होय. जर्मनांना वाटले इटालियन आरमारात कोणीतरी फितूर आहे. खरे कारण उकल झालेली सांकेतिक संदेशयंत्रे होती, आणि त्यांत जर्मन यंत्रही आले. पण ‘पिच्ची फास्सियो’ आणि ‘प्रोझेर्पिना’ बुडाली कुठे ते नकाशावर पाहावे. त्रिपोलीच्या वाटेवर तेलवाहू जहाज निघाले असते तर तेही कळलेच असते, तरी इजिप्तमधल्या विमानांच्या तावडीत ते सहजी सापडले नसते. गुप्त संदेशांनी सुरी कुठे मारायची ते दाखवले. मान पुढे केली ती अलामेनपर्यंतच्या मजलेने आणि माल्टाचा बेत सोडण्याने. माल्टावर उतरण्यासाठी तयार केलेली फोल्गोरे ही छत्रीधारी डिव्हिजन अलामेनच्या दक्षिण टोकाला पायदळ म्हणून खंदकांत बसली होती, आणि त्याच मोहिमेसाठी बांधलेले सपाट बुडाचे तराफे किनाऱ्याकिनाऱ्याने पिंपे वाहत होते. शिवाय हेरगिरी एकतर्फी नव्हती. इटालियन हेरखात्याने सप्टेंबर १९४१ मध्ये रोममधल्या अमेरिकन वकिलातीतून सांकेतिक भाषेचे पुस्तक चोरून नक्कल केले होते. कैरोतला अमेरिकन लष्करी प्रतिनिधी ब्रिटिशांचे बेत वॉशिंग्टनला कळवी ते जून १९४२ च्या अखेरीपर्यंत रोमेलच्या टेबलावर येत. ही देणगी इटालियनांची, हे त्याच्या चाहत्यांच्या लेखनात फारसे येत नाही.

युती म्हटली की ओढाताण आलीच, ब्रिटिशांकडे काय कमी होती, असेही म्हणता येईल. होती. चर्चिलने सरसेनापती वेव्हेलची फौज ऐन विजयात ग्रीसला पळवली, आणि चौथी भारतीय डिव्हिजन सिदी बर्रानीनंतर लगेच सुदानला धाडली गेली. पण कैरोच्या सरसेनापतीच्या एकाच हुकमात बंदर, रेल्वे, कोठारे, ट्रक आणि आघाडी हे सारे होते. वेव्हेलच्या जागी आलेल्या ऑकिनलेकने तयारी झाल्याशिवाय हलणार नाही, असे चर्चिलला महिनोन्‌महिने ऐकवले. त्याची नोकरी ऑगस्ट १९४२ मध्ये गेली. त्याच्या जागी आलेल्या अलेक्झांडर आणि माँटगोमरी यांनीही सप्टेंबरची मागणी धुडकावून ऑक्टोबरच्या अखेरचाच मुहूर्त धरला. म्हणजे माणूस बदलला तरी ‘नाही’ तसेच राहिले, कारण ते म्हणण्याची जागा शिल्लक होती.

४ नोव्हेंबरला अलामेनची फळी मोडली तेव्हा या सगळ्याचा भार कोणाच्या पायांवर पडला ते दिसले. आरियेते त्या दिवशी घेरली जाऊन संपली. दक्षिणेच्या इटालियन पायदळ डिव्हिजनांना, पाव्हिया, ब्रेस्शा, फोल्गोरे यांना, माघारीसाठी वाहने नव्हती. जी होती ती आधीच वाटली गेली होती, आणि जी निघाली ती कोणी कोणाची पळवली यावर दोन्ही फौजांत पुढे वर्षानुवर्षे आरोप चालले. पाण्याविना वाळवंटातून चालत निघालेल्या त्या हजारो माणसांना ब्रिटिश गाड्यांनी एकेक करून गोळा केले. त्यानंतर युद्ध ट्युनिशियात सरकले आणि तिथे भूगोल उलटला. सिसिलीपासून समुद्रवाट जेमतेम दीडशे किलोमीटर, ट्युनिस आणि बिझर्टा ही दोन चांगली बंदरे, आघाडी शेजारीच. जमिनीवरचे अंतर नाहीसे झाले; तरी फौज उपाशी राहिली, कारण आता दोन्ही बाजूंनी शत्रूचे विमानतळ जवळ आले होते आणि समुद्र खरोखरच बंद झाला. माझ्या युक्तिवादाची मर्यादा ती इथे. कारभार कितीही एकसंध असता तरी १९४३ मध्ये ट्युनिस वाचले नसते. पण कारभार तेव्हाही एकसंध नव्हता. फेब्रुवारीत रोमेलच्या फौजेचे नाव बदलून ती पहिली इटालियन फौज झाली आणि जनरल जोव्हान्नी मेस्से तिचा सेनापती झाला. त्याला दोन मुख्य कर्मचारी अधिकारी मिळाले: इटालियन तुकड्यांसाठी मान्चिनेल्ली, जर्मन तुकड्यांसाठी बायरलाइन. आणि बायरलाइन आपल्या तुकड्यांना हुकूम देताना मेस्सेला विचारण्याची तसदी फारशी घेत नसे.